मी न विचारता काढलेला चेहरा

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होते, पण खोटं कशाला... अजूनही नाही. मी कलाशिक्षिका आहे. पण आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांबरोबर उभं राहून हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' करून दाखवणारी, आणि "बघा रे, यात देवी नाही, भूत नाही, नुसती केमिस्ट्री आहे" असं ओरडून सांगणारीही मीच. या पानावर येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते.

इथे लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, आम्ही घाबरलो. मीही घाबरले. पण मी लिहितेय ते भीतीपोटी नाही. मला लाज वाटते म्हणून लिहितेय. हे घरच्यांना तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. माणसांची नावं बदलली आहेत, जागा मात्र खऱ्या आहेत.

मी मोखाडा तालुक्यात खोडाळ्याला राहते. बाजारपेठेच्या मागे, सूर्यमाळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. मागे पश्चिमेला पडवी. एकटीच असते, लग्न केलं नाही. मूळ घर जव्हारजवळ — वडील प्राथमिक शिक्षक, थोडी भातशेती. धाकटा भाऊ संजय जव्हारला सरकारी नोकरीत आहे. तीन वर्षांपूर्वी आमची आई नाशिकच्या एका हॉस्पिटलात बारा दिवस ॲडमिट होती, आणि तिथेच गेली.

त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी मला तो त्रास सुरू झाला. वेळ ठरलेली... दुपारी साडेतीनच्या आसपास. वर्गात फळ्यावर काहीतरी काढत असले की अचानक तळहाताला घाम फुटायचा, छातीत धडधडायचं, आणि वाटायचं की मी काहीतरी फार मोठं विसरून आलेय. कुठेतरी काहीतरी तसंच ठेवून आलेय. मग फोन वाजल्यासारखा वाटायचा. पर्स उघडून बघावं तर फोन मुकाट पडलेला. हे रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. चार घास खाल्ले की ताट बाजूला सारायचे. वजन उतरलं. शाळेतल्या बायका म्हणायच्या, "बाई, डाएट का?" मी हसायचे.

शेवटी जव्हारच्या एका डॉक्टरांकडे गेले. धडधड सांगितली, झोप नाही हे सांगितलं. फोनचं सांगितलं नाही. ते पुढे कितीतरी दिवस मी कुणालाच सांगितलं नाही, हे लक्षात ठेवा. त्यांनी ईसीजी काढला, म्हणाले, "हार्ट ठणठणीत आहे. मनाला त्रास आहे. गोळ्या देतो. तुम्ही चित्रं काढता ना? मग काढा की. जे मनात येईल ते. सुंदरच काढलं पाहिजे असं थोडंच आहे?"

तोवर मी आयुष्यभर सुंदरच काढत आले होते. डोंगर, भाताची खाचरं, देवळं, शाळेच्या भिंतीवर मोर. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा घाणेरडं चित्र काढलं. दवाखान्याचा लांबलचक पॅसेज, पण भिंती हिरड्यांसारख्या ओल्या, गुलाबी. दारांच्या जागी दात. खाली फरशी नाही, जीभ. काढताना मलाच ओकारी आली, पण हात थांबेना. ऑइल पेस्टल संपले तेव्हा ॲक्रिलिक आणलं, मग कॅनव्हास. चित्रांमागून चित्रं. उशा, ज्यांना पाठीचा कणा आहे. सलाइनच्या बाटलीत बुडालेलं गाव. एक बाई, जिच्या केसांच्या जागी कान लोंबताहेत.

पण एक गोष्ट जमत नव्हती. चेहरा. बाकी सगळं अंगावर येईल असं उतरायचं, आणि चेहऱ्याशी आलं की चित्र मरायचं. आरशासमोर बसून स्वतःचा काढून पाहिला, तो पासपोर्ट फोटोसारखा आला. मन लावून बघतच नव्हते मी स्वतःकडे. आणि चेहरा नाही म्हणून असेल, पण चित्रं काढूनही साडेतीनचं येणं काही चुकत नव्हतं.

माझ्याकडे भांडी घासायला आणि पाणी भरायला बुधी यायची. आईला जाऊन दहा-अकरा महिने झाल्यावर ती माझ्याकडे लागली. वय पस्तिशी-चाळिशीचं असेल, तिलाही नक्की ठाऊक नाही. रस्त्याच्या खालच्या अंगाला पाड्यावर तिचं घर, स्वतःची जमीन नाही. नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा तो होळीला परतायचा. घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याबरोबर. आणि पाड्यावर रेंज मुळातच नाही. हेही लक्षात ठेवा.

फेब्रुवारीतली दुपार होती, रविवार. बुधी पडवीच्या उंबऱ्यावर बसून माझे तांदूळ निवडत होती. ऊन एका बाजूने गालावर आलेलं. ओठ किंचित उघडे, कपाळावर आठी, पण त्रासाची नाही, कामाची. मी आतून बघितलं आणि वही ओढली. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सावरून बसली असती, पदर नीट केला असता, आणि तो चेहरा गेला असता... असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण असं की विचारायचं मला सुचलंही नाही. माझ्याच घरातल्या माठाचं स्केच करताना माठाला कुठे विचारते?

त्या चेहऱ्याचं मी पहिलं चित्र केलं. कोरड्या पडलेल्या ओढ्यात एक बाई उभी आहे, तिचा जबडा छातीपर्यंत उघडलाय, आणि तोंडातून एक जिना खाली उतरतो. जिन्याच्या तळाशी लोखंडी खाट. एवढंच. चेहरा बुधीचा, जसाच्या तसा.

ब्रश खाली ठेवला तेव्हा चार वाजून गेले होते. साडेतीन कधी वाजून गेले मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात वाट बघत राहिले... आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि चक्क तिसरी मागावी तशी रिकाम्या टोपलीकडे पाहिलं.

मग मी दुसरं केलं. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीसारखा बुधीचा चेहरा, आणि प्रत्येक भेगेत एकेक कान. चित्रं आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, वर जुनी साडी टाकून ठेवायचे. बुधी त्या खोलीत जात नसे. तिथलं केर काढणं मीच करायचे.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली, त्यामुळे दुपारी मी घरी. एके दिवशी बुधी भांडी घासता घासता थांबली. हात राखेने भरलेले. मान वळवून म्हणाली, "बाई, फोन वाजतं."

"कुणाचा? माझा तर इथे आहे." मी हातातला दाखवला.

"नाय... लांब वाजतं." ती थोडा वेळ कान देऊन बसली. "गप झाला."

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ऊन पडवीच्या दुसऱ्या खांबाला टेकलं होतं, म्हणजे साडेतीन.

तेव्हा मी मनाशी म्हटलं, रस्त्यावरून कुणीतरी गेलं असेल. पण आठवड्याभरात ती पुन्हा म्हणाली. आता पाड्यावरही वाजतो. पाण्याला गेलं तरी वाजतो. मोहाची फुलं वेचायला रानात गेली, तिथे वाजला. मी विचारलं, कसा वाजतो? मोबाइलच्या गाण्यासारखा?

"गाना नाय. हापिसात वाजतं तसा. जुना." आणि तिने जिभेने टाळूवर वाजवून दाखवलं. ट्रिंग-ट्रिंग, ट्रिंग-ट्रिंग. "तीन बार वाजतं आनि गप होतं. माना भ्या वाटतं." माना म्हणजे मला. "कोनतरी बाय बोलावते. माझी आय नाय. माझी आय तर घरी हाय."

आता मला ती गोष्ट सांगावी लागेल. इतका वेळ मी टाळत होते.

हॉस्पिटलातल्या बाराव्या दिवशी दुपारी संजय कामासाठी जव्हारला गेला होता. एरवी दुपारी तो आईजवळ असायचा आणि रात्री मी. त्या दिवशी मी एकटीच होते आणि थकले होते. पाणी दे, उशी सरकव, पंखा कमी कर, पंखा वाढव. आईचा काही दोष नव्हता. पण मी तिला म्हटलं, पंधरा मिनिटं खाली जाऊन येते, आणि गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले. समोर रिक्षात एक रिक्षावाला तोंड उघडं टाकून झोपला होता. मी पर्समधली वही काढून त्याचं स्केच करायला लागले. किती तरी दिवसांनी हात चालत होता. आणि फोन वाजला. आईच्या नंबरला मी वेगळी रिंग लावली होती, जुन्या लँडलाइनची. ट्रिंग-ट्रिंग. मी स्क्रीनवर 'आई' वाचलं आणि उचलला नाही. म्हटलं, जबड्याची रेघ पुरी करते. परत वाजला. परत. तिसऱ्यांदा मी फोन पालथा घालून मांडीखाली ठेवला. चौथ्यांदा वाजला नाही.

मी चाळीस मिनिटांनी वर गेले तेव्हा ती गेलेली होती. डावा हात डोळ्यांवर आडवा घेऊन.

संजयला मी सांगितलं, मी शेजारीच होते. तीन मिस्ड कॉल तिथेच उभ्या-उभ्या डिलीट केले. पुढच्याच महिन्यात तो फोन बदलून टाकला. आजही आमच्याकडे कोणी आलं की संजय सांगतो, "ताई शेवटपर्यंत उशाशी होती." मी खाली बघते. लोकांना वाटतं, दुःखाने.

तर बुधीने टाळूवर ती रिंग वाजवून दाखवली तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती रिंग ज्या फोनमध्ये होती तो फोन तिने कधी पाहिलेला नव्हता. आणि त्याच क्षणी... हे लिहायला हात जड होतोय... त्याच क्षणी मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आता तो माझ्याकडे येत नाही तर. तिच्याकडे जातो.

मी तिला काय म्हटलं? म्हटलं, "उन्हात फार फिरू नकोस. कांदा खात जा."

आणि मी तिसरं चित्र केलं.

चांगल्या माणसाने त्याच दिवशी ब्रश फेकून दिला असता. मी तसं केलं नाही. मी जवळजवळ दोन वर्षांनी पोटभर जेवत होते, गाढ झोपत होते. शिवाय माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने नाशिकला पाच-सहा जणांचं एकत्र प्रदर्शन ठरवलं होतं. फोटो पाठवले तेव्हा तिचा लगेच फोन आला — "अगं, हे तू काढलंस? मोरवाली तू? मला अंगावर शहारा आला. चेहरे तर... असेच अजून कर, प्लीज." मला इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. चौथं मी चार दिवसांत संपवलं. त्या पहिल्या घाणेरड्या चित्रातला दवाखान्याचा गुलाबी पॅसेज परत घेतला, आणि त्याच्या खिडक्या-खिडक्यांतून एकच लांब मान आत-बाहेर करत जाते, शेवटी टोकाला छोटासा चेहरा. बुधीचा.

इकडे बुधी वाळत चालली होती. चहा अर्धा टाकायची. एकदा भरलेला हंडा उतरवताना तिचा तोल गेला आणि पाणी माझ्या पायांवर सांडलं. होळीला नवरा आला, तो म्हणाला भगताकडे नेतो. दोन दिवसांनी ती कामावर आली ती गळ्यात काळा दोरा बांधून.

"काय म्हणाला भगत?" मी विचारलं.

"दाने बघलं त्याने. बोलला, तुझी सावली कोनाच्या घरात ठेवलेली हाय. वापस माग."

"कुणाच्या घरात?"

"ते नाय बोलला." ती माझ्याकडे बघत नव्हती, तवा घासत होती. "मी कोनाच्या घरी जाते, बाई? तुमच्याच येते."

ती आरोप करत नव्हती. खरंच कोडं पडल्यासारखं बोलत होती. आणि मी — पलीकडच्या खोलीत साडीखाली चार चित्रं उभी असताना — मी तिला लेक्चर दिलं. भगत, दाणे, सावली, हे सगळं थोतांड आहे. शिकलेल्या बाईकडे काम करतेस आणि असं काय वागतेस? अशक्तपणा आहे तुला, रक्त कमी आहे, सरकारी दवाखान्यात जा, गोळ्या घे. हळदीचा प्रयोगसुद्धा सांगितला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं बाई," आणि तवा उपडा घातला.

त्याच आठवड्यात पाचवं चित्र पूर्ण झालं. सर्वांत मोठं, चार फूट बाय तीन. सूर्यमाळचा घाट, आणि डोंगराच्या जागी आडवा पडलेला तिचा चेहरा. घाटाचा रस्ता एका कानातून शिरून नाकपुडीतून बाहेर पडतो. डोळे मिटलेले, पण पापण्यांच्या आत काहीतरी हलतंय असं वाटावं. ते माझं सर्वांत चांगलं चित्र आहे. हे लिहितानाही मला ते चांगलंच वाटतं, याचीही लाज वाटते.

प्रदर्शनात पाचव्यापुढे लोक थांबायचे. एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "हा चेहरा कुणाचा? कुणी मॉडेल होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "काल्पनिक आहे."

चौथ्या दिवशी मी खोडाळ्याला परतले. बुधी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं, पाण्याच्या वाटेवर पडली, हात मोडला. डोक्यावर हंडा घेऊन येताना मध्येच थबकली, कुणी हाक मारल्यासारखी मागे वळली, आणि पाय गेला.

दीड वर्ष ती माझ्या घरी येत होती. तिच्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले.

कुडाचं घर, सारवलेलं. दुपारची वेळ. बुधी दारातच भिंतीला टेकून बसली होती, उजव्या हाताला प्लास्टर. आत तिची म्हातारी आई नागली पाखडत होती. मला बघून बुधीने पटकन चटई ओढली. मोडक्या हातानेच. आणि मला पहिला धक्का बसला तो हा, की तिचा चेहरा स्वच्छ होता. महिन्याभराचं ते ओढलेपण, डोळ्यांखालचं काळं, काही नाही.

"बरं वाटतं का गं?"

"आता बरं हाय. वाजत नाय आता." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी घेतला, बाई."

"काय घेतला?"

"फोन."

मला वाटलं नवऱ्याचा. पण तिने डावा हात उचलून नुसता कानाशी नेला, रिकामाच. "असा. परवा वाजला ना, हिते बसलेली मी. हात दुखतं, त्यात तो वाजतं. बोलली, मरू दे, काय व्हायचं ते होईल. घेतला."

"मग?"

"म्हातारी बाय व्हती. दम लागलेला तिला. बोलली, हिरवा पडदा वढ. डोल्यावर ऊन येतं."

"तू काय म्हणालीस?"

"मी बोलली, व्हय माय, येते. मी वढते." बुधीने हात खाली घेतला. "तर बोलली, बरं झालं. एवढाच. मग वाजलाच नाय."

आत म्हातारीचं सूप थांबलं होतं. मी तिथे, त्या सारवलेल्या जमिनीवर, दोघींच्या देखत रडले. लहान मूल रडतं तशी. आणि मग सगळं सांगितलं. ती माझी आई होती. मी फोन घेतला नव्हता. आणि मी तुझं तोंड काढलं, तुला न विचारता.

बुधीने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "किती काढलं?"

"पाच."

"दाखवा."

मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. एकेक. तिने डाव्या हाताने मोबाइल धरला, डोळ्यांजवळ नेला. जिन्याच्या चित्रावर थांबली. बोटाने स्क्रीनवरच्या तोंडाला हात लावला, चित्र मोठं झालं, तशी दचकली.

"ह्या काय, माझ्या तोंडात?"

"दवाखान्याची खाट आहे."

"तुमच्या आयची?"

"हो."

"तुमच्या आयची खाट माझ्या तोंडात कशाला घातली, बाई?"

मी शिकलेली बाई. चित्रातली प्रतिमा, अचेतन मन, यावर मी तासभर बोलू शकते. मी पुढचा फोटो सरकवला.

"विचारलं असतं तर बसली असती मी," ती म्हणाली. रागाने नाही. "पन हे नाय. हे नसतं काढू दिलं." मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "माझं तोंड काढून टाका त्यातून."

रस्त्यावर रेंज मिळाली तेव्हा मी संजयला फोन लावला. विचारलं, आईच्या खोलीत खिडकीला पडदा होता का रे?

"होता की. हिरवा. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर यायचं, मी रोज तीन वाजता ओढायचो. का गं?" मग म्हणाला, "तू होतीस ना त्या दिवशी. तू ओढला असशील."

"हो," मी म्हटलं.

एवढं सगळं होऊन मी 'हो' म्हटलं. त्याला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना मात्र मी नंतर सगळं सांगितलं, फोनसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही काम करताना पुटपुटत असाल, आईबद्दल, रिंगबद्दल. ती बाई कानावर पडलेलं धरून बसली असेल. आजारी, अशक्त माणसाचं असं होऊ शकतं. मला ते पटलंही असतं. रिंगपुरतं मी अजून तेच धरून आहे. पण पडद्याचं काय? दुपारी आईजवळ संजय असायचा. खिडकीतून ऊन येतं, पडदा हिरवा आहे, हे मी बारा दिवसांत कधी लक्ष देऊन पाहिलंच नव्हतं. जे मलाच माहीत नव्हतं ते मी पुटपुटणार कशी? आई त्या तीन वेळा पडद्यासाठीच फोन करत होती का, हे तरी नक्की कुणाला माहीत आहे? मला फक्त तो डोळ्यांवरचा हात आठवतो. मी इतके दिवस समजत होते, दुखत असेल म्हणून घेतला असेल.

चार चित्रांवरचे चेहरे मी त्याच संध्याकाळी पांढरा प्राइमर फासून पुसले. पाचवं माझ्याकडे नाही. प्रदर्शनातूनच ते नाशिकच्या एका घरी गेलं, त्या वयस्क गृहस्थांच्या. मी दोनदा पत्र लिहिलं, एकदा स्वतः जाऊन आले. त्यांनी मला चहा दिला, चांगले वागले, पण म्हणाले, "अहो, या चेहऱ्यासाठीच तर घेतलं." ते त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर आहे. त्यांना कसलाच त्रास नाही. बुधीलाही आता कुठला आवाज येत नाही, हात नीट जुळून आलाय. मलाही साडेतीनला काही होत नाही. सगळं ठीक आहे, आणि मला ते मुळीच ठीक वाटत नाही. माझ्या आईचं शेवटचं 'बरं झालं' ज्या कानांनी ऐकलं ते माझे नव्हते. आणि ज्या बाईने माझ्या आईला 'येते' म्हटलं, तिला मी कांदा खायला सांगितला होता.

त्यानंतर मी एकही चेहरा काढलेला नाही. शाळेत मुलांना मोर शिकवते.

बुधी माझ्याकडे कामाला येत नाही. मी बोलावलं नाही, तीही आली नाही. पण खोडाळ्याच्या बाजारात भेट होते. मी दिसले की ती थांबते, विचारते, "बऱ्या हाव ना बाई?" मीही तिच्या आईचं विचारते. नवऱ्याचं, पाण्याचं बोलणं होतं. आवाज अगदी पूर्वीसारखा, मोकळा. फक्त मला लांबून बघितलं की ती आधी पदर पुढे ओढते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मी वळून जाईपर्यंत तो तसाच धरून ठेवते.